म्याडमची लेक

"म्याडम, मला पोलिसात द्या, पन मी आत येनार नाई."

द्वारका हे सकाळपासून पाचव्यांदा म्हणत होती, आणि तेही माझ्याकडे न बघता. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर भिंतीला चिकटून बसली होती. पायरीपासून बारा पावलांवर काचेचं दार आणि दाराच्या आत तिची चार दिवसांची मुलगी. सातमाशी. वजन अकराशे साठ ग्रॅम. दार उघडलं की ही तोंड भिंतीकडे फिरवायची, बंद झालं की पुन्हा सरळ व्हायची. आत येत नव्हती आणि जिन्यावरून हलतही नव्हती.

"पोलिसात कशाला देईन मी तुला? आत ये म्हणतेय फक्त. दोन मिनिटं. नुसतं बघून जा."

"बगायचंच नाई."

"अगं, तुझं बाळ आहे ते!"

"मनूनच."

यावर काय बोलायचं असतं ते आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.

या गोष्टीला आता अठरा वर्षं होतील. मी सव्वीस वर्षांची होते. समाजकार्याची पदवी घेऊन मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात लागले होते, दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांच्या विभागात, समुपदेशक म्हणून. काम काय, तर आईबापांना धीर द्यायचा. नेमणुकीच्या कागदावर तसं लिहिलेलंच होतं. धीर ही वस्तू मुळात माझ्याकडे कमी, आणि तिथे गिऱ्हाईक फार. दीड किलोच्या एका बाळामागे नऊ-नऊ नातेवाईक. कोणी अंगारा घेऊन यायचं, कोणी मध, कोणी थेट पेढे. मला चित्रांचा एक तक्ता दिलेला होता, कॅलेंडरासारखी पानं उलटत जायची. तिसऱ्या पानावर कांगारू होतं. आईनं बाळाला उघडं छातीशी धरावं, अंगाची ऊब द्यावी, एवढं सांगायला ते कांगारू. द्वारकाच्या सासूनं, कौसाबाईनं, पहिल्याच दिवशी ते पान बराच वेळ निरखून विचारलं होतं, "एवढं मोठं उंदीर कुटं सापडलं?" तेव्हापासून मी ते पान गुपचूप उलटून पुढे जात असे.

द्वारकाचं गाडं मात्र पहिल्या पानावरच अडलं होतं. आधीची दोन लेकरं अशीच दिवसांआधी झाली होती आणि दोन्ही घरीच दगावली होती. एक नवव्या दिवशी, एक एकविसाव्या. दोन्ही हिच्याच मांडीवर. त्यामुळे हिनं मनाशी हिशेब पक्का केला होता: मी हात लावते ते जातं. माझ्या दुधात खोट आहे, माझ्या नजरेत खोट आहे. म्हणून या तिसरीला ना बघायचं, ना शिवायचं, ना पाजायचं. तिला जगवायचा एवढा एकच उपाय आपल्या हातात आहे, असं ती धरून बसली होती.

आणि आत त्या मुलीला डब्याचं दूध पचत नव्हतं. नळीतून दोन-दोन मिली दिलं तरी पोट फुगायचं. डॉक्टर मुळ्यांनी सकाळच्या राउंडला मला सगळ्यांसमोर विचारलं, "आईचं दूध कुठे आहे?"

"सर, ती द्यायला तयार नाही."

"तयार नाही म्हणजे? तिला दूध येत नाही?"

"येतं," इन्चार्ज डोंगरदिवे सिस्टर मागून म्हणाल्या. "येतं आणि पिळून मोरीत टाकते. काल मी स्वतः बघितलं."

डॉक्टरांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच मोरीत दूध ओतत होते. "या पोरीला उद्यापर्यंत आईचं दूध मिळालं पाहिजे. पोट असंच फुगत राहिलं तर आतडी जातील, मग मी काही करू शकणार नाही. दुधानंतर आईची ऊब. कसं करायचं ते तुम्ही बघा. त्यासाठीच आहात ना तुम्ही?"

त्यासाठीच होते. म्हणून जिन्यावर उभी होते.

मी काय काय केलं नाही! तक्ता दाखवला. नवऱ्याला बोलावलं. नवरा कचरू, औद्योगिक वसाहतीत लोखंडाच्या कारखान्यात कामाला. देवमाणूस, पण बायकोसमोर उभा राहून "मी काय मनतो" एवढंच म्हणायचा आणि पुढचं विसरायचा. मग जुळ्यांच्या आईला, फरजानाला, आणून बसवलं. तिची दोन्ही मुलं हजारावरून चौदाशेला गेली होती. फरजानानं जीव तोडून सांगितलं, "ताई, दूध दिया तो वजन बढ़ा. माझ्या पोरांचं बघ ना तू." द्वारकानं सगळं ऐकून घेतलं आणि मायेनं म्हणाली, "तुमच्या हाताला यश हाये, बाई. द्या तुम्ही." फरजाना माझ्याकडे बघून निघून गेली.

शेवटी माझं डोकं फिरलं. सकाळपासून चहा नव्हता, वर डॉक्टरांचं बोलणं ताजं होतं. मी तिथेच, जिन्यात, चारचौघांसमोर ओरडले, "तुला कळतंय का द्वारका? त्या पोरीचं काही बरंवाईट झालं ना, तर ते तुझ्यामुळे होईल! फक्त तुझ्यामुळे!"

तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. उलट, इतक्या दिवसांनी एकदाचं कोणाला तरी आपलं म्हणणं पटलं, असा सुटल्यासारखा भाव होता.

"मी बी तेच मनते, म्याडम," ती म्हणाली.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. चार दिवस जे काढायला झटत होते, तेच मी माझ्या तोंडानं तिच्या मनात पक्कं ठोकलं होतं.

कौसाबाई इतका वेळ खालच्या पायरीवर मिसरी लावत बसली होती. ती उठली, चूळ भरून आली आणि पदरानं तोंड पुसत म्हणाली, "म्याडम, एक इचारू? तुमचं लगीन झालं का?"

"नाही."

"लेकरू?"

"लग्न नाही झालं म्हणतेय ना!"

"मग तुमचं कोनी गेलेलं नाई. झ्याक हाये. तुम्हीच घ्या पोर."

मला वाटलं, म्हातारी दत्तक द्यायचं म्हणतेय. पण तिचं म्हणणं वेगळं होतं. ज्या घरात लेकरं टिकत नाहीत, तिथे नवं लेकरू आपलं म्हणायचंच नाही. सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं, आईनं पाठ फिरवायची, आणि ज्या बाईची लेकरं धडधाकट आहेत किंवा जिचं काही वाईट झालेलं नाही, तिनं ते उचलायचं. मग ते तिचं. आई नुसती सांभाळणारी. नेणाऱ्यानं आईच्या घरात येऊन बघितलं तर हिचं काहीच नसतं, मग नेणार काय?

"हे सगळं थोतांड आहे, आजी," मी म्हटलं. कॉलेजात मी अंधश्रद्धेविरुद्ध पथनाट्यं केली होती. भगताची भूमिका माझीच असायची, दाढी लावून.

"थोतांड?" कौसाबाईनं शेजारी उभ्या असलेल्या लेकाच्या दंडाला धरून त्याला पुढे ओढलं. "याच्या आदीचे तीन गेले मपले. याला उकिरड्यावर टाकला, परटिनीनं उचलला, मनून याचं नाव कचरू. हा बगा, जिता-जागता पुढं उभा हाये. आता बोला."

जिता-जागता कचरू ओशाळून हसला. त्याच्याविरुद्ध माझ्याकडे काही मुद्दा नव्हता.

मी द्वारकाकडे पाहिलं. तीही माझ्याकडे पाहत होती, डोळे मोठे करून, काहीतरी मागायला हात पुढे करावा तशी. आणि मला इतका वैताग आला, त्या जिन्याचा, त्या म्हातारीचा, माझ्या तक्त्याचा, की मी हात झटकून म्हटलं, "बरं! घेतली! आजपासून माझी. झालं समाधान? आता तरी माझा पिच्छा सोडा!"

यात हुशारी काडीची नव्हती, हे मी आजही कबूल करते. पुढे एका परिषदेत माझ्या साहेबांनी या प्रकाराला 'स्थानिक परंपरेचा कल्पक उपयोग' म्हणून टाळ्या मिळवल्या. मी नुसती चिडले होते.

पण कौसाबाईला तोंडी व्यवहार चालत नव्हता. तासाभरात ती बाजारातून सूप घेऊन हजर. दारावरच्या रखवालदारानं सूप अडवलं. त्यावरून भांडण. बाळ काही बाहेर येणार नव्हतं, म्हणून जन्मल्यावर ज्यात गुंडाळलं होतं ते दुपटं सुपात ठेवायचं ठरलं. मग प्रश्न उकिरड्याचा. कौसाबाईनं सगळा मजला हिंडून शोध घेतला आणि विभागाच्या दाराशी ठेवलेल्या कचऱ्याच्या पिवळ्या बादलीवर बोट ठेवलं.

"तिला हात लावू नका!" डोंगरदिवे सिस्टर आतून ओरडल्या. त्या आंबेडकरी घरातल्या, कडक, असल्या प्रकारांचा त्यांना मनस्वी तिटकारा. मला वाटलं, आता या सगळ्यांना हाकलतील आणि मी सुटेन. त्या बाहेर आल्या, सूप पाहिलं, जिन्यावर उभी राहिलेली द्वारका पाहिली. उभी! चार दिवसांत ती पहिल्यांदा उभी होती.

"बादलीपासून हातभर लांब ठेवा," सिस्टर मला म्हणाल्या. "आणि ते दुपटं आत आणायचं नाही. हात कोपरापर्यंत धुवायचे. काय करायचं ते पटकन कर, मला राउंड आहे."

द्वारकानं सूप ठेवलं आणि पाठ फिरवली. मी वाकून दुपटं उचललं. खूप हलकं होतं, काहीच नसल्यासारखं. मला स्वतःचीच लाज वाटत होती. माझ्या पथनाट्यातलं कोणी तिथून जात नाही ना, म्हणून मी जिन्याकडे बघून घेतलं.

"आता ही तुमची," कौसाबाई म्हणाली.

"हो, माझी."

द्वारका वळली. माझ्या हातातल्या दुपट्याकडे बघत तिनं विचारलं, "म्याडम, तुमची लेक काय पिती?"

"डब्याचं. पण पचत नाही तिला."

"अन् तुम्हाला तर दूद नाई."

"मला कुठून येणार दूध!"

"मग?" ती म्हणाली. मग अगदी शेजारधर्माच्या आवाजात, वाटीभर साखर द्यावी तशी म्हणाली, "मी देते की. मला लई येतंय. तसं बी वायाच जातंय."

मी वाटी आणायला आत धावले.

त्या दुपारी तिनं आत येऊन हात धुतले, टोपी घातली, गाऊन घातला आणि वाटीत दूध काढलं. तीस मिली. मग बाळाच्या काचेच्या पेटीपाशी गेली आणि बराच वेळ बघत राहिली.

"लई बारीक हाये तुमची लेक," ती मला म्हणाली. "पन नाक तुमच्यासारखं नाई. बरं हाये." माझं नाक कधीच कोणाला आवडलेलं नाही, तो भाग सोडा.

पोट फुगायचं तिसऱ्या दिवशी थांबलं. अकराव्या दिवशी डॉक्टरांनी तिला छातीशी धरायची परवानगी दिली. मी भीत भीत विचारलं, तर द्वारका म्हणाली, "तुमची परवानगी हाये ना? मग द्या." पोलक्याच्या गुंड्या सोडून तिनं पोरीला आत घेतलं, वरून पदर गुंडाळला, आणि दीड-दोन तास हललीच नाही. कौसाबाई काचेतून बघत होती. मला म्हणाली, "ते उंदराचं असंच व्हतं का?"

इथून पुढे माझे हाल सुरू झाले. द्वारकानं माझं आईपण फारच मनावर घेतलं होतं. सकाळी नऊला मी विभागात पाऊल टाकलं की तिची हजेरी सुरू.

"म्याडम, तुमच्या लेकीनं कालपासून शी केली नाई. तुम्ही कुटं व्हता?"

"घरी. माझी ड्युटी पाचला संपते."

"आईची ड्यूटी संपती व्हय?"

रविवारी मी आले नाही, तर सोमवारी ती माझ्याशी दुपारपर्यंत बोलली नाही. टोपी घालायची तर मला विचारणार, कूस बदलायची तर मला विचारणार. एकदा मी दुसऱ्या एका रडणाऱ्या बापाला समजावत बसले होते, तर ही मधेच येऊन उभी. "तुमची लेक वजनाला घेतलीये, अन् तुम्ही हितं गप्पा मारता!" बाप रडायचं विसरून माझ्याकडे बघायला लागला. सफाईवाल्या मावशी मला 'बाळंतीण' म्हणू लागल्या. डॉक्टर मुळेसुद्धा, जे कधी हसत नसत, राउंडला म्हणाले, "मातोश्री, तुमची कन्या बाराशे चाळीस." माझ्यासाठी घरी स्थळं बघणं चालू होतं. ही बातमी तिथपर्यंत जाऊ नये म्हणून मी कोणाकोणाच्या हातापाया पडले ते माझं मला माहीत.

मी तिला खासगीत समजावून पाहिलं. "द्वारका, आता पुरे. तू दूध देतेस, ऊब देतेस, वजन वाढतंय. तूच आहेस तिची आई. दिसत नाही का तुला?"

तिनं झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. "मोठ्यानं बोलू नका."

सोळाव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला मी माझ्या रजिस्टरात काहीतरी लिहीत होते. मुलगी द्वारकाच्या छातीशी होती. द्वारकाचा आवाज आला, मोठा नाही, पण वेगळा.

"म्याडम. तुमची लेक श्वास घेईना."

मी वर पाहिलं. पदरातून बाहेर आलेला तो एवढासा पाय निळा पडला होता. डोंगरदिवे सिस्टरांनी एका झेपेत पोरीला उचललं, टेबलावर ठेवलं, तळपायाला टिचक्या मारल्या, मग तोंडावर मास्क धरून फुगा दाबायला लागल्या. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. अशा वेळी समुपदेशकानं आईला बाजूला नेऊन शांत आवाजात बोलायचं असतं. मी टेबलाकडेच बघत होते. माझ्या मनात एकच चाललं होतं: मी घेतली होती ना, मी माझी म्हटली होती ना. दीड मिनिटानं ती रडली. मांजराच्या पिलाइतका आवाज.

मी बाहेर आले आणि जिन्यावर बसून हमसून हमसून रडले. मला स्वतःचा भयंकर राग येत होता. सतरा-अठरा बाळं माझ्यासमोर गेली होती त्या वर्षात, मी एकदाही अशी रडले नव्हते. थोड्या वेळानं कोणीतरी शेजारी येऊन बसलं. द्वारका. डोळे कोरडे.

"उगं रडू नका," ती माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "अशा लेकरायचं असं व्हतंच. श्वास इसरत्यात. सिस्टर सांगत व्हत्या. आता चांगली हाये, दूद बी घेतलं. आईनं घाबरलं की लेकराला कळतं. तुम्ही पोटभर जेवा, झोपा, धीर धरा."

शब्द न् शब्द माझा होता. माझ्याच तक्त्यातलं चौथं पान. मला हुंदक्यात हसू फुटलं आणि मग पुन्हा रडू आलं. ती म्हणाली, "हां, रडून घ्या. मोकळं वाटंल." तेही पानावर होतं, सगळ्यात खाली.

अडतिसाव्या दिवशी वजन सोळाशे तीस झालं आणि घरी सोडायचं ठरलं. आणि आदल्या संध्याकाळी द्वारकानं शांतपणे सांगून टाकलं, "कागदावर अंगठा मी देनार नाई. तुमची हाये, तुम्ही न्या."

मला आधी वाटलं, चेष्टा करतेय. चेष्टा नव्हती. डॉक्टरांनी मला खोलीत बोलावून घेतलं. "आईनं बाळ न्यायला नकार दिला तर मला बालकल्याण समितीला कळवावं लागेल. मुलगी अनाथालयात जाईल. कळतंय ना? हे सगळं तुम्ही सुरू केलं होतं. तुम्हीच निस्तरा."

कौसाबाईकडे गेले, तर तिचा नियम ठरलेला. "पाच वर्सं तुमची. मग वटी भरून परत घेऊ. तवर ही नुसती सांभाळनार."

"मग सांभाळायला तरी न्या ना! ती न्यायलाच तयार नाही!"

कौसाबाईनं हात वर केले. "ते तिला इचारा. मपलं ऐकती का ती?"

त्या रात्री मला धड झोप लागली नाही. सकाळी मी एक भाषण पाठ करून आले. 'द्वारका, मी माझी लेक तुझ्याकडे ठेवायला देतेय. मला नोकरी आहे. मी मागेन तेव्हा परत दे.' पुन्हा तोच खोटेपणा, वर तिचं आईपण न बोलता तिचा अंगठा घ्यायचा. कसंही करून पोरगी आईच्या घरी गेली पाहिजे होती. बाकी मला काही दिसत नव्हतं.

मुलीला मी उचलून घेतलं. पांढरी टोपी, पिवळा झगा, अंगाला दुधाचा वास. हातांवर पसाभर भार. मातांच्या खोलीत द्वारका पलंगावर बसली होती, गाठोडं बांधून तयार. कचरू खाली रिक्षा थांबवून उभा होता. डोंगरदिवे सिस्टर कागद आणि शाईचा पॅड घेऊन माझ्यामागे आल्या.

"द्वारका," मी सुरू केलं, "मी माझी लेक..."

"म्याडम, आदी मपलं ऐका," ती म्हणाली. "काल मी तुम्हाला बगत व्हते. तुम्ही डागदरच्या खोलीतून बाहेर आल्या, अन् कोपऱ्यात उभ्या राहून हिच्या टोपीला गाठ मारीत व्हत्या. ही बाई हिला खरंच घरी नेईल, मला वाटलं. मला रातभर झोप नाई. घरी नेल्यावर हिला कुटं ठेवंल, काय पाजंल, मनून."

"मग?"

"मग कळलं की मला हिची काळजी लागली."

"काळजी तुला पहिल्या दिवसापासून लागलीये! जिन्यावर काय हवा खायला बसली होतीस का?" माझा संयम पुन्हा सुटला. "महिनाभर तू मला नाचवलंस. माझी लेक, माझी लेक. तुला काय वाटतं, मला माहीत नव्हतं ती कोणाची आहे?"

"मला बी माहीत व्हतं," द्वारका म्हणाली.

सिस्टरांनी शाईचा पॅड खाली ठेवला.

"मला येडी समजू नका, म्याडम. सुपात घालून देवाला फसवता येतं असं मला वाटलं व्हय? सासूबाईला वाटतं. मला नाई." ती बोलत होती ते माझ्याशी, पण बघत होती मुलीकडे. "दोन गेले. दोन्ही वेळा मी फरशीवर डोकं आपटून घेतलं. तिसऱ्यांदा मला जमलं नसतं. मी मेले असते. मनून तुमच्या अंगावर टाकली. गेली असती तर तुमची गेली असती. रडायचं काम तुमचं."

माझ्या अंगावर काय टाकलं होतं ते मला महिनाभर कळलं नव्हतं, आणि मी ते वागवत होते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटत होतं, मी तिला आधार देतेय.

"त्या दिवशी ती निळी पडली," द्वारका म्हणाली, "अन् तुम्ही खरंच रडल्या. मी बगितलं. मला सोडून दुसरं कोनी हिच्यासाठी रडतंय, हे मी पयल्यांदा बगितलं. आदीच्या दोघांच्या टायमाला मी एकलीच व्हते. तवापासून जरा बळ आलं."

"मग काल अंगठा देणार नाही असं का म्हणालीस?" मी विचारलं.

"काल भ्याले. आज बी भ्याले. पन आता पुरं." तिनं पदर सारखा केला आणि दोन्ही हात पुढे केले. "द्या. मपली मला द्या. आता हिचं काई झालं तर मी रडंन. तुम्ही नाई."

सिस्टरांनी कागद उशीवर ठेवला. द्वारकानं अंगठा शाईत दाबला, जिथे दाखवला तिथे उमटवला, बोट लुगड्याला पुसलं आणि हात पुन्हा पुढे केले. मी मुलीला तिच्या हातांवर ठेवलं. टोपी सरळ केली. झगा खाली ओढला. दर दोन तासांनी पाज, थंडी लागू देऊ नकोस, सातव्या दिवशी दाखवायला आण, असं काहीतरी एकामागून एक बोलत सुटले.

"म्याडम," ती म्हणाली, "सोडा की आता."

मी खाली पाहिलं. माझे दोन्ही हात अजून मुलीखालीच होते.